प्रोपेन फर्नेसला बाहेरच्या लाकडी बॉयलरचं पाणी जोडायचंय: कॉइल कुठे आणि केवढी?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे, पण इथे विस्कॉन्सिन-व्हरमाँटकडचे बरेच जण दिसतात आणि एसीच्या धंद्यातून निवृत्त झालेले काकाही आहेत, म्हणून विचारते.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो, पण शहरापासून पार लांब, डेलावेअर काउंटीत. जुनं फार्महाउस घेतलं, त्याच्याबरोबर मागचं रान आलं आणि रानात उभी मेलेली ॲशची झाडं. एमरल्ड ॲश बोअरर नावाचा हिरवा किडा आहे, त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात आणि झाड दोन-चार वर्षांत खलास होतं. न्यूयॉर्कमध्ये तो 2009 पासून आहे. भट्टीत तापवून कीडमुक्त न केलेलं सरपण 50 मैलांपलीकडे न्यायला राज्यात बंदी, म्हणजे विकायचं म्हटलं तरी आसपासच, आणि आसपास सगळ्यांच्याच रानात हीच गत.

घर गरम होतं ते तळघरातल्या प्रोपेन फर्नेसवर. तासाला 80,000 बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप), त्यातली 95 टक्के उष्णता घरात देणारी. गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. फर्नेसच्या डोक्यावर एसीची कॉइल आहे. आणि गॅरेजमागे आधीच्या मालकाचा लाकडावरचा बॉयलर उभा आहे. भारतातल्या मंडळींसाठी सांगते: बाहेरून पत्र्याची खोली दिसते, आत भट्टी, भट्टीभोवती काहीशे गॅलन पाणी, वर धुराडं. अंगणातला अवाढव्य बंबच म्हणा ना, फक्त पाणी आंघोळीला न जाता जमिनीखालच्या पाइपांतून फिरून परत येतं. आधीचा मालक त्यावर फक्त वर्कशॉप तापवायचा. पण घरापर्यंतही एक इंची पेक्सची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांची, जोडी टाकून, तळघराच्या भिंतीतून आत घेऊन, टोपणं लावून ठेवलीत. अंतर साधारण 110 फूट.

मला फर्नेस काढायची नाही. तिच्या डक्टमध्ये पाण्याची कॉइल बसवायची, म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असलेला तो चौकोन. बंबाचं पाणी त्यातून फिरवायचं आणि फर्नेसच्याच पंख्याने हवा त्यातून ढकलायची. बंब विझला तर प्रोपेन आपोआप सुरू व्हावं.

एक ठेकेदार येऊन गेला. त्याने दहा मिनिटं बघितलं आणि सगळं उपटून नवीन घाला म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं, प्रोपेनवाला येतो, टाकी भरतो, बिल ठेवून जातो, तुला कसली हौस? बिल मी बघते, म्हणून हौस.

तर कॉइल ब्लोअरच्या (फर्नेसच्या पंख्याच्या) आधी परतीच्या डक्टमध्ये बसवायची की नंतर? एसीच्या कॉइलच्या खाली की वर? माप कसं ठरवायचं? आणि दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडणार नाहीत असं वायरिंग कसं करतात? झाळकाम मला येतं, पत्राकाम येत नाही.

रानडुक्कर

वाशिष्ठीताई, आमच्याकडे विस्कॉन्सिनात दर तिसऱ्या शेतावर हेच आहे आणि माझ्याकडेही आहे. ठेकेदाराचं मनावर घेऊ नका. त्याला नवीन यंत्र विकायचं असतं, तुमचे ॲश नाही जाळायचे.

कॉइल ब्लोअरच्या नंतरच. हवेचा रस्ता असा ठेवा: फिल्टर, ब्लोअर, फर्नेसचा स्वतःचा हीट एक्स्चेंजर, एसीची कॉइल आणि सगळ्यात वर पाण्याची कॉइल. परतीच्या बाजूला बसवणं सोपं असतं, जागा मोकळी असते, म्हणून लोक मोहात पडतात. पण ब्लोअरची मोटर ज्या हवेवर गार राहते तीच हवा 120 डिग्रीची (इथले सगळे डिग्री फॅरनहाइट) झाली तर मोटर भाजते. त्यात एखाद्या वेळी प्रोपेनही पेटलं की फर्नेसचा हाय-लिमिट स्विच (फार तापलं की आग बंद करणारा) ट्रिप होत राहतो. एसीच्या कॉइलखालीही नको, कारण मग हिवाळाभर गरम झोत रेफ्रिजरंट भरलेल्या नळ्यांवर बसतो. दोन कॉइलींमध्ये चार-सहा इंच सोडा आणि पत्र्याला उघडणारं दार ठेवा. पुढेमागे एसीची कॉइल धुवायची वेळ येतेच.

मापाचं गणित दोन ओळींचं आहे. पाण्याच्या बाजूने: मिनिटाला किती गॅलन × 500 × पाणी किती डिग्री उतरलं = तासाला बीटीयू. 8 गॅलन आणि 20 डिग्री घेतले तर 80,000. हवेच्या बाजूने: मिनिटाला किती घनफूट × 1.08 × हवा किती डिग्री चढली. तुमचा ब्लोअर 1,200 घनफूट देत असेल तर 60 डिग्री चढायला सुमारे 78,000 लागतात. तुमची फर्नेस घरात 76,000 देते, म्हणजे मामला बरोबरीचा आहे.

आता मेख. कॉइलच्या खोक्यावर जो आकडा असतो तो बहुधा 180 डिग्रीच्या पाण्याचा असतो. कॉइल किती उष्णता देईल ते पाणी आणि आत येणारी हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. घरातली हवा 65 धरा. 180 ला फरक 115, 160 ला फरक 95. म्हणजे खोक्यावरचे 1,00,000 तुमच्याकडे 82,000 होतात. पहाटे आग मंदावून पाणी 140 वर आलं की 65,000. म्हणून फर्नेसच्या आकड्याला नेमकी पुरेल अशी कॉइल घेऊ नका, एक माप वरची घ्या. 18 बाय 18 इंच किंवा प्लेनममध्ये (फर्नेसवरच्या पत्र्याच्या खोक्यात, जिथून डक्ट फुटतात) मावत असेल तर 20 बाय 20, तोंडं एक इंची.

गरम पाणी कॉइलच्या वरच्या अंगाला, म्हणजे हवा जिथून बाहेर पडते तिथल्या तोंडाला द्या आणि परत खालच्या तोंडातून घ्या. हवा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध गेले की जास्त उष्णता निघते. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह, युनियन, सगळ्यात उंच जागी हवा काढायची तोटी. कॉइलच्या कडेने फट राहिली तर हवा तिथूनच पळते, तेव्हा चारही बाजू पत्र्याने आणि फॉइल टेपने बंद करा. कापडी डक्ट टेप नको, उष्णतेने सुटते.

थर्मोस्टॅट दोन लावा. लाकडाचा 70 वर, प्रोपेनचा 64 वर. लाकडाच्या थर्मोस्टॅटने फक्त पंखा चालू करायचा, म्हणजे फर्नेसच्या बोर्डावरचे आर (वीज) आणि जी (पंखा) हे स्क्रू जोडायचे, पण थेट नाही, मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घालून. नाहीतर दोन ट्रान्सफॉर्मरांची वीज एकमेकांत शिरते. आणि त्या वायरमध्ये पाइपाला बांधायचा ॲक्वास्टॅट, म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच. पाणी तापलेलं नसेल तर पंखा लागायलाच नको.

हवाबंद

पुण्याहून लिहितो आहे. लाकडी बॉयलर मी आयुष्यात पाहिलेला नाही, पण हॉटेलांच्या एअर हँडलिंग युनिटमध्ये गरम आणि थंड पाण्याच्या कॉइली बसवण्यात उमेदीची वर्षं गेली. रानडुक्करांनी पाण्याचं सगळं बरोबर सांगितलं. हवेचं मात्र गृहीत धरलं.

ताई, "ब्लोअर 1,200 देत असेल तर" या वाक्यातला "तर" फार महाग पडतो. घरगुती फर्नेसचे ब्लोअर साधारण अर्धा इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या अर्धा इंच उंचीइतका दाब) एवढ्याच बाहेरच्या दाबाविरुद्ध काम करायला बनवलेले असतात. तुमच्या फर्नेसच्या पाटीवर तो कमाल आकडा छापलेला असेल, आधी वाचा. त्या अर्ध्या इंचातून एसीची कॉइल, डक्ट, जाळ्या, फिल्टर सगळ्यांनी आपापला वाटा खाल्लेला असतो. जुन्या फार्महाउसचे डक्ट तर बहुतेक वेळा आधीच अरुंद. त्यात नवी कॉइल आणखी 0.1 ते 0.3 इंच मागणार.

मग होतं काय, तर मोटर साध्या जातीची असेल तर हवा कमी होते. ईसीएम (आपला वेग आपणच सांभाळणारी) असेल तर ती हट्टाने हवा ओढत राहते, पण वीज जास्त खाते आणि आवाज करते. दोन्ही प्रकारांत खरा त्रास कळतो तो बंब विझल्यावर. प्रोपेन पेटतं, हवा अपुरी पडते, लिमिट ट्रिप होतो आणि घर गार पडतं. तेव्हा बाहेर उणे तापमान असतं आणि तुम्ही कॉइलला नव्हे, फर्नेसला शिव्या घालत असता.

म्हणून खर्च करायच्या आधी मॅनोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, आणा. स्वस्त डिजिटल चालेल. एक भोक ब्लोअरच्या आधी, फिल्टरनंतर. दुसरं फर्नेसच्या वर, एसीच्या कॉइलच्या खाली. दोन्ही दाबांची बेरीज करा, वजा चिन्ह विसरून. आत्ताच 0.5 असेल तर कॉइलचा विचार सोडा किंवा डक्ट मोठे करा. 0.3 च्या आसपास असेल तर खुशाल पुढे जा. मोठ्या कॉइलबद्दल रानडुक्करांशी सहमत, पण माझं कारण वेगळं: तोंड मोठं तेवढा हवेचा वेग कमी आणि अडथळाही कमी. प्लेनम लहान असेल तर दोन्हीकडे उतरता पत्रा करून मधला भाग रुंद करून घ्या. पत्राकाम येत नाही म्हणता, तर एवढंच काम पत्रेवाल्याला द्या.

बसवून झालं की फक्त प्रोपेनवर चालवून हवेचं तापमान आत किती, बाहेर किती ते मोजा. फर्नेसच्या पाटीवर त्या फरकाचा पट्टा दिलेला असतो. त्याच्या आत बसलात तरच काम झालं म्हणा.

गोगलगाय

हे सगळं करण्यापेक्षा थंड हवामानाचा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारा) लावा की. आजच्या काळात लाकूड फोडत बसणार?

वाशिष्ठी

गोगलगाय, विजेचे खांब आमच्याकडे रानातूनच येतात आणि मेलेले ॲश त्यांच्यावरच पडतात. हीट पंप नको असं नाही, पण हे लाकूड मला तसंही पाडावं लागणार आहे.

हवाबंद काका, मॅनोमीटर मागवला. तुमचं ते "वजा चिन्ह विसरून" वाचून बरं वाटलं, मी नेमकी वजाबाकीच केली असती.

मेपलवाडी

व्हरमाँटहून. कॉइलवर एवढी चर्चा झाली, पण माझ्या मते तुमचा प्रश्न कॉइल नाही, तो 110 फुटांचा खंदक आहे.

आधी पाइपाचं माप. एक इंची पेक्सची आतली पोकळी जेमतेम 0.86 इंच असते. त्यातून 8 गॅलन ढकलायचे तर दर 100 फुटांमागे 9 फुटांच्या आसपास हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला पंपाचा दाब) जातं. तुमचं जाणं-येणं मिळून 220 फूट, म्हणजे नुसत्या पाइपात 20 फूट, वर कॉइल आणि कोपरे. त्याला दांडगा पंप लागेल आणि तो हिवाळाभर रात्रंदिवस वीज खाईल. सव्वा इंची पेक्समध्ये तेच काम दर 100 फुटांमागे साडेतीन फुटांत होतं.

दुसरं, त्या पाइपांवर आवरण काय आहे? आधीचे मालक लोक फोमच्या नळ्या गुंडाळून, काळ्या कोरुगेटेड (वळ्यावळ्यांच्या) पाइपात सारून पुरायचे. आत भूजल शिरलं की संपलं. 8 गॅलनच्या प्रवाहात वाटेत एक डिग्री उतरली म्हणजे तासाला 4,000 बीटीयू गेले, दिवसाला 96,000. प्रोपेनच्या एका गॅलनमध्ये 91,500 असतात. म्हणजे प्रत्येक डिग्रीला रोज गॅलनभर प्रोपेनइतकी उष्णता मातीत. चांगल्या, फोम ओतून भरलेल्या पाइपात 100 फुटांना एखादी डिग्री जाते. वाईटात किती, ते तुम्हीच मोजा. आत्ता बर्फ असेल तर मोजायचीही गरज नाही: बंबापासून घरापर्यंत गवताचा पट्टा उघडा दिसत असेल तर उत्तर मिळालं.

धुराचंही बघा. न्यूयॉर्कचे नियम 2011 चे आहेत. नव्या बॉयलरला प्रमाणपत्र, शेजाऱ्याच्या हद्दीपासून 100 फूट आणि 18 फुटी धुराडं लागतं. केंद्र सरकारच्या धुराच्या नियमांचा कडक टप्पा मे 2020 पासून लागू झाला. तुमचा जुना बंब त्याआधीचा दिसतोय, तरी कोड ऑफिसरला (बांधकामाचे नियम बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) आणि विमा कंपनीला आधी विचारून ठेवा, नंतर नको. आणि ओलं लाकूड घालू नका. 20 टक्क्यांच्या खाली ओलावा हवा, फोडलेल्या ओंडक्याच्या आतल्या बाजूवर मीटर टोचून बघायचा. मेलेला ॲश उभा आहे म्हणून वाळलेला असेल असं धरून चालू नका, बुंध्याकडे बराच ओला निघतो. आणि तो पाडायला माणूस लावा. बोअररने मारलेला ॲश इतका ठिसूळ होतो की करवत लावताच वरच्या फांद्या डोक्यावर येतात. यात मी हौस मान्य करत नाही.

वाशिष्ठी

मेपलवाडी, तुमच्या उघड्या पट्ट्याने माझी झोप उडवली. होता. वर्कशॉपकडे जाणारा पुसट, घराकडचा नाही, पण घराकडच्या पाइपात आधी पाणीच फिरत नव्हतं. म्हणून तळघरातली दोन टोकं जाड होजने जोडली, पंप सुरू केला. प्रवाह थंड पाण्यावर बादलीने मोजला, मिनिटाला साधारण 5 गॅलन. मग बंब पेटवला आणि पाणी स्थिर झाल्यावर दोन्ही टोकांना पाइपावर थर्मामीटर बांधून वर फोम गुंडाळला. बंबापाशी 176, घरात 169. सात डिग्री, तेही एकाच दिशेने. 5 गॅलनला हे तासाला 17,500 बीटीयू होतात. तळघराच्या भिंतीपाशी पाइपाच्या कडेची माती उकरून पाहिली तर तुम्ही म्हणता तेच: काळा कोरुगेटेड, आत फोमच्या नळ्या आणि नळ्यांत पाणी. माती उकरताना नवरा दिवा धरून उभा होता, ही प्रगती समजावी.

हवाबंद काका, फर्नेसच्या पाटीवर कमाल 0.5. माझं मोजमाप 0.46 आलं, तेव्हा पोटात गोळा. मग फिल्टर काढून मोजलं तर 0.31. एक इंची, फार बारीक जाळीचा फिल्टर कुणीतरी घातलेला होता. आता चार इंची जाड फिल्टरचं खोकं घालणार, त्याचा अडथळा बराच कमी असतो म्हणतात. प्लेनम 19 बाय 20 आहे. पत्रेवाल्याशी बोलले, तो मधला भाग रुंद करून देईल, म्हणजे 20 बाय 20 बसेल.

आणि एक गोष्ट इथे कुणी विचारली नाही, पण मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. बंबातल्या पाण्याचा नमुना काढला. चहाच्या रंगाचा, पीएच 7 च्या खाली. हा बंब हवेला उघडा आहे, दाबाखाली नाही, म्हणजे ऑक्सिजन सतत विरघळत राहणार. बंबाचं पोलाद, कॉइलचं तांबं आणि मध्ये आम्लधर्मी पाणी! कॉइल जोडायच्या आधी सगळं पाणी काढून, धुऊन, गंजरोधक घालून पीएच 8 च्या वर, उत्पादकाने दिलेल्या पट्ट्यात आणणार. नवीन पाइपही ऑक्सिजन अडवणाऱ्या थराचाच घेईन.

तर ठरलं असं: या हिवाळ्यात काही जोडत नाही. उन्हाळ्यात नवा खंदक, फोम ओतलेला सव्वा इंची पाइप, मग कॉइल. हिशेब केला: ॲशच्या एका कॉर्डमध्ये, म्हणजे 128 घनफूट रचलेल्या लाकडात, सुमारे 2 कोटी 20 लाख बीटीयू धरले आणि जुन्या बंबाला 45 टक्केच गुण दिले, तरी एका कॉर्डमागे 110 गॅलनच्या वर प्रोपेन वाचतं. खंदकाचा खर्च काही हिवाळ्यांत निघेल. झाडं पाडायला माणूस सांगितलाय, मेपलवाडी, निश्चिंत असा.

आता दोनच शंका. ॲक्वास्टॅट किती डिग्रीवर लावायचा? आणि पंप सतत चालू ठेवायचा की थर्मोस्टॅटने मागितल्यावरच?

रानडुक्कर

पंप सतत. तुमच्याकडच्या थंडीत पाणी थांबलं की बंबाकडच्या उघड्या टोकापाशी गोठायची भीती असते. पण मग पंखा बंद असतानाही कॉइल गरम राहते आणि गरम हवा आपसूक वर चढते, ऑक्टोबरात वरच्या खोल्या उकडतात. त्यासाठी कॉइलच्या अलीकडे तीन तोंडांचा मोटरवाला व्हॉल्व्ह घाला. थर्मोस्टॅटने मागितलं की पाणी कॉइलमधून, नाहीतर बाजूने परत. उन्हाळ्यात एसी लावताना बॉल व्हॉल्व्हही हाताने बंद करा.

ॲक्वास्टॅट मी 130 वर ठेवलाय, त्याखाली पंखा लागला तर झोत गार वाटतो. एक बघा: परतीचं पाणी 140 च्या खाली बंबात सतत जात राहिलं तर भट्टीच्या भिंतींवर दव धरतं, क्रिओसोट (धुरातलं डांबर) चिकटतं आणि पोलाद गंजतं. त्यामुळे परतीच्या पाइपावर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह घाला, तुमच्या पीएचच्या मेहनतीवर पाणी पडायला नको. आणि पंख्याचा वेग तपासा. बऱ्याच बोर्डांवर फक्त जी दिला की पंखा सगळ्यात हळू चालतो, बोर्डावरच्या बारीक डिप स्विचने तो हीटिंगच्या वेगावर आणावा लागतो.

हवाबंद

शेवटच्या वाक्याला माझी सही. आणि फिल्टर बदलल्यावर पुन्हा मोजून आकडा इथे टाका, 0.46 वर मला झोप येणार नाही.

वाशिष्ठी

टाकते काका. खोकं शनिवारी येतंय.